हा डबा कुणी भरला? दहाच्या नोटेवरचा वाघ आणि संशोधनाची सुरुवात

हा लेख वाचायच्या आधी एक काम करा. खिशातून, पर्समधून किंवा आईच्या डब्यातून दहा रुपयांच्या चार-पाच नोटा काढा आणि पालथ्या करून टेबलावर ठेवा. काहींवर गेंडा, हत्ती आणि वाघ दिसेल. ती १९९६ पासूनची महात्मा गांधी मालिका. चॉकलेटी रंगाच्या नोटेवर कोणार्कचं सूर्यमंदिर दिसेल. ती जानेवारी २०१८ मध्ये आली. दोन्ही नोटा आजही चालतात. लाखनीच्या बाजारात भाजीवाली दोन्ही नोटा एकाच पिशवीत टाकते.

आता स्वतःला विचारा, या चार नोटांवरून काय सांगता येईल? "भारतानं नोटेवरून वाघ काढला आणि मंदिर आणलं," असं पटकन सुचेल. मलाही सुचलं होतं. त्या वाक्यावर मी सिनॉप्सिसचं एक प्रकरण उभं केलं आणि ते पडलं. पेट देऊन कोर्सवर्कला लागलेल्या किंवा अजून विषय शोधत असलेल्या वाचकांना ती चूक उपयोगी पडेल, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

माझी चूक, आधी थोडक्यात

आमच्या घरी आजोबांचा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे. आजोबांचं लाखनीत महामार्गालगत लहानसं किराणा दुकान होतं. ते गेल्यावर डबा कपाटावर पडून होता. माझा विषय इतिहास, त्यात "नोटांवरची राष्ट्राची प्रतिमा" असं काहीतरी करायचं मनात होतं. डबा उघडला तर आत साठ-एक नोटा! एक रुपयाच्या कोऱ्या नोटा, आर्यभट्टाच्या दोनच्या, ट्रॅक्टरच्या पाचच्या, मोराच्या दहाच्या आणि अगदी तळाशी दुमडून फाटत आलेली वाघाची दोनची नोट.

मला वाटलं, डेटा आयताच मिळाला. एका दुपारी सगळ्या नोटा काढल्या, मूल्यानुसार लावल्या आणि अल्बमच्या कप्प्यांत सरकवल्या. बऱ्याच नोटा कॅलेंडरच्या कागदाच्या तुकड्यांत गुंडाळलेल्या होत्या. ते तुकडे मी रद्दीत टाकले.

मग लिहिलं: "भारतीय नोटांवरून वन्यजीव हळूहळू नाहीसे झाले. त्यांची जागा आधी प्रगतीच्या चिन्हांनी आणि नंतर सांस्कृतिक वारशानं घेतली." वाक्य मला भारी वाटलं. गाईडनी ते वाचून एवढंच विचारलं, "हा डबा कुणी भरला?"

"आजोबांनी."

"तुझ्या प्रश्नासाठी भरला होता का?"

या प्रश्नाचं उत्तर शोधताना जे शिकले ते पुढे पायरीपायरीनं मांडते.

पायरी पहिली: वस्तू वाचायला शिका

संग्राहक आणि संशोधक दोघांची सुरुवात सारखीच असते. हातातली वस्तू नीट वाचता आली पाहिजे. नोटेवर चित्राशिवाय बरंच काही असतं.

एक, सही. रिझर्व्ह बँकेच्या नोटेवर गव्हर्नरची सही असते, त्यामुळे नोटेचा काळ अंदाजे कळतो. पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख १९४३ ते १९४९ या पदावर होते. त्यांची सही असलेली नोट मिळाली तर ती कोणत्या वर्षांची हे लगेच कळतं. एक रुपयाची नोट मात्र भारत सरकारची असते आणि तिच्यावर वित्त सचिवांची सही असते. म्हणजे "रिझर्व्ह बँकेच्या नोटा" असा अभ्यासाचा विषय ठरवला तर एकची नोट बाहेर जाते. ती घ्यायची की नाही हे आधी ठरवून कारणासकट लिहून ठेवावं लागतं. याला समावेशाचे निकष म्हणतात.

दोन, वर्ष. २००५ च्या मालिकेपासून मागच्या बाजूला खाली मधोमध छपाईचं वर्ष असतं. जानेवारी २०१४ मध्ये २००५ पूर्वीच्या नोटा चलनातून काढून घेण्याचं जाहीर झालं, तेव्हा लोकांनी जुन्या नोटा याच खुणेवरून ओळखल्या.

तीन, तारा. क्रमांकाच्या आधीच्या अक्षरांनंतर ताऱ्याची खूण दिसली तर ती बदली नोट समजा. छपाईत बिघडलेल्या नोटेच्या जागी बंडलात ती घातलेली असते. ही पद्धत २००६ मध्ये दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांपासून सुरू झाली.

चार, भाषांची पट्टी. मागच्या बाजूला पंधरा भाषांत मूल्य लिहिलेलं असतं. इंग्रजी वर्णानुक्रमानं आसामी पहिली आणि उर्दू शेवटची. त्यात मराठी आठवी, बरोबर मधली. नोट काढून मोजून बघा.

जगभरचे संग्राहक नोट ओळखायला अल्बर्ट पिक यांच्या सूचीतला क्रमांक वापरतात. तुमच्या नोंदवहीत त्यासाठी एक रकाना ठेवा. तुम्ही पाहिलेलीच नोट दुसऱ्या कुणाला तपासायची असेल तर त्याला ती नेमकी सापडली पाहिजे. संशोधनात नोंद करायची ती यासाठी.

पायरी दुसरी: नेमकं काय मोजताय?

माझ्या तक्त्यात एक रुपयाच्या बावीस नोटा होत्या आणि त्या सगळ्यांवर समुद्रातला तेलविहिरीचा मंच, म्हणजे बॉम्बे हायचा "सागर सम्राट". मी त्या बावीस "प्रगतीची चिन्हं" म्हणून मोजल्या. दहाच्या मोराच्या नोटा तीन, वाघाची दोनची एक. मग काय, प्रगती बावीस, वन्यजीव चार! आकडे माझ्याच बाजूनं बोलत होते.

चूक दिसली का? मी नोटा मोजल्या, पण वाक्य लिहिलं आराखड्यांबद्दल. बावीस नोटा म्हणजे आराखडा एकच.

इथे मोजणीची तीन वेगळी एककं आहेत.

पहिलं, आराखडा. रिझर्व्ह बँकेनं किती वेगवेगळ्या चित्रांच्या नोटा काढल्या? "राष्ट्रानं काय दाखवायचं ठरवलं" या प्रश्नासाठी हे एकक बरोबर.

दुसरं, चलनातल्या नोटांची संख्या. "लोकांच्या नजरेस काय पडलं" हा प्रश्न असेल तर दहाच्या नोटेवरचा एक गेंडा हजाराच्या नोटेवरच्या चित्रापेक्षा कितीतरी जास्त लोकांनी पाहिला असणार. कोणत्या मूल्याच्या किती नोटा चलनात आहेत हे रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक अहवालात दर वर्षी छापून येतं.

तिसरं, जपलेली नोट. "लोकांनी काय राखून ठेवलं" हा प्रश्न असेल तर डबा हाच पुरावा.

तिन्ही प्रश्न चांगले आहेत. माझा पुरावा तिसऱ्या प्रश्नाचा होता आणि निष्कर्ष मी पहिल्याचा काढला. व्हायव्हात याच जागी पकडतात.

पायरी तिसरी: "वन्यजीव" म्हणजे नेमकं काय?

सोपं वाटतं ना? मग हे सांगा. प्रत्येक नोटेवर अशोकस्तंभाची सिंहमुद्रा असते. सिंह वन्य प्राणी आहे. मग प्रत्येक नोट "वन्यजीव" या गटात टाकायची का? त्याच मुद्रेच्या खालच्या पट्टीवर घोडा आणि बैलही आहेत. त्यांचं काय करायचं?

पुढे चला. २०१६ च्या दोन हजारच्या नोटेवर मुख्य चित्र मंगळयानाचं होतं, पण नक्षीत हत्ती, मोर आणि कमळ होतं. ही नोट विज्ञानात जाईल, वन्यजीवांत की दोन्हींत? आणि मोर? तो राष्ट्रीय पक्षी म्हणून आला की कलेतला नक्षीचा घटक म्हणून? ऐंशीच्या दशकातल्या मालिकेबद्दल रिझर्व्ह बँकेनं मोर आणि कोणार्कचं चक्र ही दोन्ही चित्रं भारतीय कलेच्या खात्यात धरली आहेत. मी मात्र मोर वन्यजीवांत टाकून मोकळी झाले होते.

यावर उपाय म्हणजे कार्यकारी व्याख्या. कुणीही वाचली तरी तसंच वर्गीकरण करता येईल इतकी ती स्पष्ट हवी. माझी आत्ताची व्याख्या अशी: "मागच्या बाजूच्या मुख्य चित्रात ओळखता येणारा वन्य प्राणी किंवा पक्षी असेल तर वन्यजीव. राजमुद्रा, जलचिन्ह आणि किनारीची नक्षी धरायची नाही. नक्षीसाठी वेगळा रकाना." ही व्याख्या आदर्श नाही. पण लिहिलेली आहे, म्हणून तिच्याशी वाद घालता येतो.

व्याख्या चालते का हे तपासायचं तर दुसऱ्या माणसाला त्याच नोटा वर्गीकरणाला द्या आणि तुमची उत्तरं त्याला दाखवू नका. समजा, वीस आराखडे आहेत. तुम्ही आठांना "वन्यजीव" म्हटलं, मैत्रिणीनं सातांना, आणि दोघींचं "हो" सहा ठिकाणी जुळलं. मग दोघींचं "नाही" अकरा ठिकाणी जुळतं. एकूण सतरा जुळले, म्हणजे ८५ टक्के. झकास वाटतं. पण डोळे मिटून शिक्के मारले असते तरी काही जुळलेच असते. किती? "हो" साठी ०.४० गुणिले ०.३५, म्हणजे ०.१४. "नाही" साठी ०.६० गुणिले ०.६५, म्हणजे ०.३९. बेरीज ०.५३. आता प्रत्यक्ष जुळणीतून ही योगायोगाची जुळणी वजा करा: ०.८५ वजा ०.५३, म्हणजे ०.३२. तिला १ वजा ०.५३ नं, म्हणजे ०.४७ नं भागा. उत्तर सुमारे ०.६८. हाच कोहेनचा कप्पा, जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला. ८५ टक्क्यांचं ०.६८ झालं म्हणून घाबरू नका. जिथे जुळलं नाही त्या तीन नोटा घेऊन मैत्रिणीसोबत बसा. व्याख्येत कुठे भोक आहे हे त्या तीन नोटाच सांगतात.

पायरी चौथी: डब्यात काय नाही?

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आमच्या डब्यात पाचशेची एक नोट होती, हजाराची एकही नाही. का नाही? मोठी नोट किराणा दुकानदार जपून ठेवत नाही, ती माल भरायला जाते. शिवाय ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीत दांडीयात्रेची पाचशेची आणि हजाराची नोट बाद झाली. रिझर्व्ह बँकेच्या हिशेबानुसार त्या १५.४१ लाख कोटी रुपयांपैकी १५.३१ लाख कोटी परत आले. म्हणजे लोकांच्या डब्यात उरलेला भाग अगदीच थोडा. जो आराखडा वर्षानुवर्षं देशभर फिरला तो माझ्या "डेटा"मध्ये जवळजवळ नव्हताच.

फाटक्या नोटा बँकेत बदलून मिळतात आणि नष्ट होतात. जास्त हाताळल्या जाणाऱ्या नोटा लवकर मरतात. मागे काय उरतं? कमी वापरलेलं किंवा कुणीतरी मुद्दाम राखलेलं. फक्त उरलेल्या वस्तू बघून काढलेल्या निष्कर्षात हा दोष असतोच. इंग्रजी पुस्तकांत याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात, मराठीत "उरलेल्यांचा पक्षपात" म्हणू.

मग एक रुपयाच्या बावीस कोऱ्या नोटा कुठून आल्या? उत्तर आजीनं दिलं आणि ते एका शब्दाचं होतं: आहेर. आपल्याकडे आहेर पन्नासचा नसतो, एक्कावन्नचा असतो. शंभरचा नसतो, एकशेएकचा असतो. वरचा एक रुपया लागतोच. आता पाकिटावर नाणं चिकटवलेलं मिळतं, पण तेव्हा कोरी एकची नोट लागायची आणि ती दुकानात मागायला लोक यायचे. एक रुपयाच्या नोटेची छपाई १९९४ मध्ये थांबली ती थेट २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात लग्नसराईत कोऱ्या नोटेची चणचण. म्हणून आजोबा त्या राखून ठेवायचे. म्हणजे माझ्या तक्त्यात "प्रगती" पुढे होती ती लग्नांमुळे! तेलविहिरीचा आणि त्याचा काडीचा संबंध नव्हता.

हे कळलं तेव्हा हसू आलं आणि लाजही वाटली. पण नीट बघा, इथेच माझ्या प्रकरणापेक्षा चांगला विषय होता. सरकार एक रुपयावर देशाच्या तेलाचं चित्र छापतं आणि लोक ती नोट शुभशकुन म्हणून जपतात. छापणाऱ्याचा अर्थ एक, वापरणाऱ्याचा दुसरा.

पायरी पाचवी: चित्रावरून हेतू काढू नका

आता आराखड्यांची अधिकृत यादी घेऊन माझं जुनं वाक्य तपासू.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही दशकांत दोनच्या नोटेवर वाघ, पाचच्या नोटेवर हरणं आणि शंभरच्या नोटेवर हत्ती होते. पुढे शंभरच्या नोटेवर हिराकुड धरण आलं. १९६९ मध्ये गांधीजन्मशताब्दीनिमित्त बसलेल्या गांधीजींमागे आपल्या वर्ध्याजवळचा सेवाग्राम आश्रम नोटेवर आला. ऐंशीच्या दशकात आर्यभट्ट, सागर सम्राट आणि ट्रॅक्टर, आणि त्याच काळात मोर आणि कोणार्कचं चक्र. १९९६ मध्ये दहाच्या नोटेवर गेंडा, हत्ती, वाघ परत. २०१६ पासूनच्या नव्या मालिकेत दहावर कोणार्क, वीसवर वेरूळ, पन्नासवर हंपीचा दगडी रथ, शंभरवर राणी की वाव, दोनशेवर सांची, पाचशेवर लाल किल्ला.

वन्यजीव "हळूहळू नाहीसे" झालेले नाहीत. ते आले, मागे पडले, परत आले, आणि नव्या मालिकेच्या मुख्य चित्रांत नाहीत. माझी सरळ रेषा यादीसमोर टिकली नाही.

पण याच यादीत एक नवी गोष्ट दिसते. सहाही स्थळं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत: वेरूळ १९८३, कोणार्क १९८४, हंपी १९८६, सांची १९८९, लाल किल्ला २००७, राणी की वाव २०१४. मग लिहून टाकायचं का, की "रिझर्व्ह बँकेनं युनेस्कोची यादी बघून चित्रं निवडली"? थांबा. सहाही त्या यादीत आहेत ही नोंद. यादी बघून निवडली हा हेतूचा दावा. देशातली प्रसिद्ध स्मारकं निवडायला बसलं तर बरीचशी त्या यादीतलीच निघणार. हेतू सिद्ध करायला कागद लागतो. नोटेचा आराखडा, रूप आणि साहित्य यांना रिझर्व्ह बँकेच्या केंद्रीय मंडळाच्या शिफारशी विचारात घेऊन केंद्र सरकार मंजुरी देतं, हे रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम २५ मध्ये आहे. म्हणजे कुठेतरी टिपणी असणार, पत्रव्यवहार असणार. माहिती अधिकारात अर्ज करता येतो. केंद्राकडच्या अर्जाची फी दहा रुपये, म्हणजे वाघाची एक नोट! काय मिळेल ते मिळेल, पण "कागद मागितला, हे उत्तर आलं" असं लिहिता आलं तर प्रबंधातलं ते पान भक्कम होतं.

एक इशारा आपल्याच जिल्ह्यातून. लाखनीहून साकोलीकडे निघालं की नागझिऱ्याचं जंगल फार लांब नाही. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ मध्ये जाहीर झाला. नागझिऱ्यात वाढून उमरेड-कऱ्हांडल्याला गेलेला "जय" वाघ २०१६ मध्ये दिसेनासा झाला, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. त्याच वर्षी नोटांची नवी मालिका सुरू झाली आणि पुढे नोटेवरचा वाघही गेला. चहाच्या टपरीवर सांगायला झकास गोष्ट आहे, पण दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. वर्ष जुळलं म्हणून कारण जुळत नाही.

तुलनेसाठी बाहेर बघा. नेपाळच्या नोटांवर मूल्यागणिक प्राणी बदलतो: दहावर काळवीट, वीसवर बारसिंगा, पन्नासवर हिमबिबट्या, शंभरवर गेंडा, पाचशेवर वाघ, हजारावर हत्ती. दक्षिण आफ्रिकेच्या पाच नोटांवर गेंडा, हत्ती, सिंह, रानम्हैस आणि बिबट्या. ब्राझीलमध्ये कासव, मकाव पोपट, जग्वार. उलट युरोच्या नोटांवर पूल आणि कमानी आहेत, त्याही मूळ आराखड्यात काल्पनिक, म्हणजे कोणत्याच देशाला आपलं स्मारक सुटलं असं वाटायला नको. जॅक हायमन्स यांनी २००४ मध्ये युरोपातल्या नोटांवरच्या चित्रांचा दीर्घकाळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. वेगवेगळ्या देशांच्या नोटा काळाबरोबर बऱ्याचशा एकसारख्या बदलत गेल्या, असं त्यांना दिसलं. हे वाचल्यावर माझ्या प्रश्नाची दिशा बदलली. "भारतानं असं का केलं" च्या आधी "हे फक्त भारतात झालं का" असं विचारायला हवं होतं.

कायदा, पैसा आणि प्लास्टिक

प्रत्यक्ष काम करणाऱ्यांसाठी चार सूचना.

बाद झालेल्या जुन्या पाचशे-हजारच्या नोटा जवळ ठेवायला मर्यादा आहे. २०१७ च्या कायद्यानुसार सामान्य माणसाला एकूण दहापर्यंत, आणि अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्रासाठी पंचवीसपर्यंत. जास्त सापडल्या तर दंड किमान दहा हजार. "संशोधन" हा शब्द कायद्यात आहे म्हणून मोकळं रान समजू नका. आपलं काम लेखी नोंदवलेलं असू द्या.

नोटेसारखा दिसणारा कागद तयार करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १८२ खाली गुन्हा आहे. प्रबंधात नोटेचे हुबेहूब रंगीत प्रिंट घालण्याआधी गाईडशी बोला. बहुतेक वेळा वर्णन आणि साधी रेखाकृती पुरते.

"ट्रॅक्टरची पाचची नोट द्या, लाखो मिळवा" अशा जाहिराती मोबाइलवर येतात. आपलं नाव वापरून जुन्या नोटांच्या व्यवहारात शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं होतं. संशोधनाच्या अंगानंही लक्षात ठेवा: जाहिरातीतला आकडा ही मागितलेली किंमत असते. कुणी ती दिली याचा तो पुरावा नाही.

नोटा इस्त्री करू नका, लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. स्वस्त पीव्हीसी अल्बमचं प्लास्टिक काही वर्षांत चिकट होऊन नोट खराब करतं. पॉलिप्रॉपिलीन किंवा मायलरचे कप्पे घ्या.

लाखनीत बसून काय करता येईल?

"आमच्या तालुक्यात ना ग्रंथालय ना अभिलेखागार, मग संशोधन कसं करायचं?" असं मला बरेच जण विचारतात. मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, आणि नोटांचा छापखानाही नाशिकलाच. कधीतरी तिकडे जाच. पण सुरुवात आजच, इथेच होऊ शकते.

ओळखीच्या पाच दुकानदारांना विचारा: दहाच्या आजच्या गल्ल्यातल्या नोटा मोजू द्याल का? वाघाच्या किती आणि कोणार्कच्या किती, वर्ष कोणतं, एवढंच लिहा. आठवडी बाजाराच्या दिवशी एकदा आणि साध्या दिवशी एकदा. किराणा दुकान, पेट्रोल पंप आणि भाजीचं दुकान यांत फरक पडतो का? मोजायच्या आधी तुमचा अंदाज लिहून ठेवा. नंतर लिहिलेला अंदाज नेहमीच बरोबर निघतो!

दुसरं, घरातल्या मोठ्या माणसांना विचारा, कोणती नोट जपून ठेवली आणि का. लक्ष्मीपूजनाची? पहिल्या पगाराची? बाळाच्या हातात ठेवलेली? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा. मी गेले तेव्हा एक काका म्हणाले, "काहून पाहिजे तुले जुन्या नोटा, बँकेत दे ना!" हेही उत्तरच आहे, तेही लिहिलं.

त्या चिठ्ठ्या

शेवटी राहिलेली गोष्ट. अल्बम तयार झाल्यावर मी आजीला दाखवायला नेला. तिनं पानं उलटली आणि विचारलं, "अन् त्या चिठ्ठ्या कुठी ठेवल्या वं बाई?"

कॅलेंडरच्या तुकड्यांवर आजोबांनी लिहिलेलं होतं, कोणती नोट कुणाकडून आली, कोणत्या दिवशी, कशासाठी राखली. दुकानाची पहिली भवानी, कुणाच्या लग्नासाठी वेगळी काढलेली नोट, असं. मी नुसती चित्रं बघत होते, म्हणून मला तो कचरा वाटला. रद्दी तोवर गेली होती.

अभिलेखाच्या कामात पहिला नियम असतो: मूळ मांडणी मोडायच्या आधी जशी आहे तशी नोंद करा. फोटो काढा, क्रम लिहा, वेष्टन जपा. मी हा नियम कोर्सवर्कच्या पेपरात लिहून मार्क मिळवले होते. घरी डबा उघडला तेव्हा आठवला नाही, कारण घरचा डबा मला "स्रोत" वाटलाच नव्हता.

आजीला चार चिठ्ठ्या आठवतात. तळातली वाघाची दोनची नोट पणजोबांनी आजोबांना साकोलीच्या बाजारात दिली होती, ती त्यांतली एक. माझ्या नोंदवहीत त्या चार नोटांपुढे लिहिलं आहे: "आजीच्या आठवणीनुसार, मूळ चिठ्ठी उपलब्ध नाही," आणि ऐकल्याची तारीख. बाकीच्या नोटांपुढचा रकाना रिकामा आहे. तो अंदाजानं भरायचा नाही, असं मी ठरवलं आहे.

तुमच्याही घरात असा एखादा डबा असेल: नोटांचा, लग्नपत्रिकांचा, जुन्या पावत्यांचा किंवा सातबाऱ्यांचा. उघडण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढा. आणि घरात ज्यांना तो डबा माहीत आहे त्यांना आधी विचारा, तो कुणी भरला आणि कशासाठी.